शेवाळी डोक्याचे मासे

४ मार्च

संग्राहक मंडळाची तीन खोकी आज सकाळी आली. जेवणाचं टेबल त्यात गेलं. नवरा खोक्यांत डोकावून म्हणाला, "एवढे मासे घरात, आणि जेवायला एक नाही."

एकशे बारा लाकडी मासे आहेत. दोरीला बांधून पाण्यात ओढायचे, म्हणजे खरा मासा फसून गळाला तोंड मारतो, ते. सगळे आमच्या गावातल्या बंद पडलेल्या कारखान्याचे, आणि त्यातले निदान निम्मे बाबांच्या हातचे. बाबा तिथे सव्वीस वर्षं रंगारी होते. तेव्हा जे तळ्यावर जाणाऱ्या कुणाच्याही डब्यात खडखडत असायचे, ते आता लोक कापसात ठेवतात.

मंडळाला रंगांची नोंदवही करून हवी आहे. कुठल्या माशाचा रंग कारखान्यातूनच वेगळा निघाला, कुठल्याचा उन्हाने उडाला, कुठल्याचं व्हार्निश पिवळं पडलं आणि कुठला कुणी नंतर घरी बसून रंगवला, हे एकेकापुढे लिहायचं. मंडळाचे चिटणीस म्हणजे निवृत्त दंतवैद्य. त्यांनी मला गाठलं, कारण मी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत आहे आणि दिवसभर काचेच्या नळीतला रंग पट्टीशी ताडून बघते. "शिवाय मूळपुरुष तुमच्याच घरात," असं ते बाबांकडे हात करून म्हणाले. बाबा हसले नाहीत. "मला आता काय आठवतंय," म्हणाले आणि उठून आत गेले.

मी हो म्हटलं, आणि म्हटल्याबरोबर नको म्हणायला हवं होतं असं वाटलं. माझं नेहमीचंच आहे.

८ मार्च

पद्धत ठरवली. उत्तरेच्या खिडकीशी, सकाळी दहा ते बारा, फक्त सुट्टीच्या दिवशी. अंगात करडा सदरा, कारण लाल कपड्याची झाक पांढऱ्या रंगावर पडते. पांढऱ्या पुठ्ठ्याला एक भोक पाडलंय. ते माशावर ठेवलं की शेजारचे रंग झाकले जातात आणि नजर फसत नाही.

सगळ्यात खरं बोलतो तो गळाच्या पत्र्याखालचा रंग. पत्रा बारीक स्क्रूने बसवलेला असतो. तो काढला की खाली कधीच ऊन न लागलेला रंग सापडतो. वरचा आणि खालचा एकच असेल तर मासा कारखान्यातून तसाच निघाला. वर पिवळट आणि खाली शुभ्र असेल तर व्हार्निशचं वय झालंय. खाली वेगळाच रंग असेल तर कुणीतरी हात मारलाय.

आज नऊ मासे झाले. पाचांबद्दल खात्री आहे. एकाच्या पुढे "बहुधा" लिहून ते तीनदा खोडलं.

१५ मार्च

दंतवैद्य एक शेवाळी डोक्याचा मासा घेऊन आले. रुमालात गुंडाळलेला, तोही आतल्या खिशात.

या माशांवरच सगळा वाद आहे. कारखान्याचा नेहमीचा मासा म्हणजे लाल डोकं आणि पांढरं अंग. तसे हजारोंनी निघाले. पण मोजक्या माशांचं डोकं लालऐवजी गर्द शेवाळी हिरवं आहे. मंडळात म्हणतात की गढूळ पाण्यात चालावेत म्हणून ते मुद्दाम तसे काढले होते. शेवाळी मासा ज्याच्याकडे आहे तो मंडळाच्या बैठकीत जरा मागे रेलून बसतो. त्यामुळे खोटे शेवाळीही झालेत.

"सत्तावीस एप्रिलला मेळावा आहे," दंतवैद्य म्हणाले. "टेबलावर वीस मासे मांडू. तुमचे बाबा सगळ्यांसमोर शेवाळी कुठले ते वेगळे काढतील आणि त्यातले खरे कुठले ते सांगतील. एकदाचा निकाल."

बाबा चहा ढवळत होते. साखर घातलेली नव्हती, तरी ढवळत होते. "नको," म्हणाले. "वय झालं."

"अहो, तुमच्या हातचं तुम्ही ओळखणार नाही तर कोण?"

"बघू."

दंतवैद्यांनी या "बघू"चं जाता जाता "हो" करून टाकलं. दातांच्या डॉक्टरांना सवयच असते, समोरच्याला बोलता येत नसतं. नवरा म्हणाला, "बाबा, शाल मिळणार तुम्हाला." बाबा म्हणाले, "तूच जा शाल घ्यायला."

त्यांना जायचं नाही, हे मला दिसतंय. आठवण दगा देईल ही भीती असणार. मी दंतवैद्यांना तिथल्या तिथे थांबवायला हवं होतं. का नाही थांबवलं? नोंदवहीतली शेवाळीची ओळ बाबांनी पक्की केली तर माझं काम सोपं होईल, हेच मनात होतं. खरं तेच लिहिते.

२२ मार्च

माशाच्या तोंडाखालच्या पत्र्याच्या जिभेवर आतल्या बाजूने महिन्याचा आणि वर्षाचा ठसा असतो. आज माझ्याकडचे सहाही शेवाळी उघडले. पाच खरे: वर आणि खाली एकच हिरवा, खाली अस्तराचा पांढरा. सहाव्याच्या खाली लाल निघाला, म्हणजे खोटा. पाचही खऱ्यांवरचे ठसे एकाच काळातले. पहिला सप्टेंबरचा, शेवटचा त्यापुढच्या मार्चचा. त्याच महिन्यांतले लाल डोक्याचेही आहेत. म्हणजे दोन्ही एकाच वेळी निघत होते, आणि मार्चनंतर शेवाळी एकही नाही. कारखाना पंधरा वर्षं आणखी चालला, तरी नाही.

गढूळ पाणी सात महिन्यांतच संपलं की काय?

तो सप्टेंबर माझ्या जन्माचा. मी नवऱ्याला गंमत म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे तूही दुर्मीळ नग." बाबा शेजारी पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं नाही बराच वेळ.

आईला विचारता आलं असतं. ती बाबांच्या शेजारच्याच बाकावर बसायची, माशांना काचेचे डोळे बसवायला. तिला जाऊन चार वर्षं झाली. पण आईने तरी सांगितलं असतं का, कोण जाणे. कारखान्याबद्दल ती कमी बोलायची आणि जायची मात्र रोज. मी सात महिन्यांची असताना मला शेजारच्या काकूंकडे टाकून ती परत कामाला गेली. नड नव्हती, काकूच सांगायच्या. बाबांचा पगार होता. "तुझ्या आईला बाई कारखान्याची ओढ," असं काकू माझी वेणी घालताना म्हणायच्या. हे मी कुठे कुणाला बोललेले नाही. इथे लिहिलं म्हणजे बोलल्यासारखंच झालं.

२९ मार्च

मन थाऱ्यावर नाही. बाबांचं काहीतरी बिघडलंय.

दुपारी बाजारातून आले तर बाबा टेबलाशी बसलेले. माझी मांडणी मोडून त्यांनी माशांचे दोन ढीग केले होते. "हे लाल, हे शेवाळी," म्हणाले, जरा घाईने. दोन्ही ढिगांत दोन्ही होते. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले, शाळेत वही तपासायला दिल्यावर मुलं बघतात तसे.

"बरोबर आहे ना?"

"हो बाबा," मी म्हटलं. का म्हटलं?

मग एकेक आठवत बसले. गेल्या महिन्यात टोमॅटो आणायला पाठवले तर निम्मे कच्चे आणले. रस्ता ओलांडताना ते दिव्याकडे बघतच नाहीत, लोक चालायला लागले की चालतात. लोकरीचे मोजे एक तपकिरी आणि एक हिरवा घालून माझ्या चुलतभावाच्या लग्नात उभे होते, आईने सगळ्यांच्या आधी पाहिलं आणि त्यांना आत नेलं. पण ते तर वीस वर्षांपूर्वीचं. तेव्हापासूनच विसरायला लागले होते का? मी इतकी वर्षं काय करत होते?

एकीकडे असंही वाटतं की मीच शोधतेय. शोधायला बसलं की प्रत्येक म्हाताऱ्यात काहीतरी सापडतं.

२ एप्रिल

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मोतीबिंदू असेल तर निदान स्मरणशक्तीवरचा संशय जाईल, असा माझा हिशेब. बाबा "मला दिसतंय, मला दिसतंय" करत आले.

मोतीबिंदू नाममात्र निघाला. मग बाईंनी रंगीत ठिपक्यांचं पुस्तक उघडलं. ठिपक्यांमध्ये आकडा लपलेला असतो. मला पहिल्याच पानावर लख्ख दिसला. बाबा म्हणाले, "छान आहे चित्र." दुसरं पान. "हेही छान." बाईंनी पुस्तक मिटलं आणि माझ्याकडे वळून, अगदी वजन सांगावं तसं, म्हणाल्या, "लाल आणि हिरवं यांना वेगळं दिसत नाही. हे आत्ताचं नाही, जन्मापासूनचं आहे. तुम्हाला माहीत नव्हतं?"

मी म्हटलं, "ते रंगारी होते."

बाई आधी हसल्या. मग आमच्या दोघांची तोंडं बघून थांबल्या.

घरी येताना बाबा बसमध्ये खिडकीकडे तोंड करून होते. दोन थांबे आधीच उतरले आणि चालत आले. मी दहा पावलं मागे.

३ एप्रिल

सकाळी चहा झाल्यावर बाबा आपणहून बोलले. जसं बोलले तसं लिहायचा प्रयत्न करते.

"कामाला लागलो तेव्हा ब्रशाचा हात बघून घेतलं. रंग दिसतात का असं कुणी विचारलंच नाही. कोण विचारतं? आठ दिवसांत मला कळलं की आपलं काही खरं नाही. रंग मोठ्या पिंपांतून ओतून सारख्या पत्र्याच्या वाट्यांत यायचे. वाटीवर चिठ्ठी नाही, काही नाही. शेजारच्या बाकावर डोळे बसवणारी मुलगी होती. ती आठ दिवस बघत होती. नवव्या दिवशी आली आणि माझ्या वाट्या लावून ठेवल्या. डावीकडून लाल, मग पांढरा, मग हिरवा, मग काळा. काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी परत लावल्या."

"आई?"

"मग काय सोडतो होय तिला."

ते हसले. मग कपाकडे बघून म्हणाले, "मेळाव्याचं तू मोडून टाक. आजारी आहे सांग."

"खरं सांगितलं तर?"

"सव्वीस वर्षं रंग दिले मी. आता तिथे उभा राहून सांगू, की मला रंगच दिसत नाहीत? हसतील. आणि माझ्यावर हसले तर एक वेळ चालेल. तिने एवढं झाकलं ते कशासाठी?"

ते शेवाळी कसे झाले हे मी विचारलंच नाही. विचारायला हवं होतं. पण त्यांनी कप विसळून पालथा ठेवला होता. त्यांचं बोलणं संपलं की ते तसंच करतात.

९ एप्रिल

खोकेवाल्या मावशींकडे गेले. कारखान्यात मासे खोक्यांत भरायच्या म्हणून हे नाव. आता सत्त्याऐंशीच्या आहेत, ऐकू कमी येतं, बोलायला कमी पडत नाहीत.

"तुझी आई बाळंतपणाला गेली आणि तिच्या जागी एक नीटनेटकी बाई आली," मावशी म्हणाल्या. "रोज सकाळी वाट्या धुऊनपुसून लावायची, स्वतःच्या मनाने. आज लाल डावीकडे, उद्या उजवीकडे. तुझ्या बापाने बिचाऱ्याने हिरवी डोकी केली. माझ्याकडे भरायला आली तेव्हा मी कपाळाला हात लावला."

"मग?"

"मग काय, लाल वेगळे भरले, हिरवे वेगळे भरले. वर कळवलं, नवीन प्रकार आहे. व्यवस्थापकाला वाटलं मालकाने काढला, मालकाला वाटलं व्यवस्थापकाने. दोघंही एकमेकांना विचारायला लाजले. आणि मेले मासे त्यालाच जास्त लागायला लागले. दुकानदार म्हणे, ते हिरव्या टोपीचे पाठवा. आता पाठवा म्हटलं तर तुझा बाप मुद्दाम करणार कसे? जसे पडतील तसे."

"म्हणजे गढूळ पाण्याचं..."

"ते फिरत्या विक्रेत्याचं डोकं. काहीतरी सांगायला नको?"

मावशी हसता हसता खोकल्या. पाणी दिलं. मग म्हणाल्या, "मार्चच्या मध्याला कळलं, नवीन तपासनीस येणार. कडक माणूस. मी तुझ्या आईकडे गेले. म्हटलं, बाई, तू ये, नाहीतर तुझा नवरा रस्त्यावर येतो. ती तुला पाजत होती. म्हणाली, पंधरा दिवस द्या, हिला वरच्या दुधाची सवय लावते."

घरी येताना दही घ्यायचं होतं, ते विसरले. दुकानापाशी उभी राहून परत आले.

१२ एप्रिल

मेळावा मोडता येत नाही. निमंत्रणं गेलीत. दंतवैद्यांनी बाबांचा कारखान्यातला फोटो मोठा करून घेतलाय. मी "त्यांची तब्येत" म्हणून सुरुवात केली तर म्हणाले, "गाडी पाठवतो, खुर्ची देतो, दहाच मिनिटं." मी खरं सांगू शकले असते. बाबांची परवानगी नाही.

एक गोष्ट कळली. बाबांनी डोळे मिटून, नुसता अंगठा फिरवून मासे ओळखले. कल्ल्यापाशी ब्रश उचलताना त्यांच्या हाताला एक बारीकशी वळी राहायची, केसाएवढी. ती मला भिंगातूनही जेमतेम दिसते. दहापैकी दहा बरोबर. म्हणजे आपल्या हातचं ते ओळखतात. रंगाशी त्याचा संबंध नाही.

अडचण एवढीच, की आधी वीसांतून शेवाळी वेगळे काढायचेत.

१३ एप्रिल

मी काय ठरवलंय ते लिहून ठेवते, म्हणजे नंतर स्वतःला फसवता येणार नाही. टेबलावर मासे मांडायचं काम माझ्याकडे आहे. बाबांना मी क्रम सांगून ठेवणार: तिसरा, आठवा, अकरावा आणि सतरावा शेवाळी. त्या चारांतला खोटा ते अंगठ्याने काढतील. निकाल खराच लागेल. खोटं फक्त एवढंच, की त्यांना दिसतं असं लोकांना वाटेल.

"फक्त एवढंच." प्रयोगशाळेत एका मदतनिसाने नळीचा रंग न बघताच आकडा भरला होता. आकडा बरोबर होता. तरी मी त्याची तक्रार केली होती.

बाबांना विचारलं. त्यांनी टेबलावरचे मासे एका ओळीत लावले. मग म्हणाले, "डावीकडून मोजायचं ना?"

२० एप्रिल

रोज सकाळी उजळणी. तीन, आठ, अकरा, सतरा. बाबा दाढी करतानाही पुटपुटतात. नवऱ्याला सगळं सांगितलं. तो या वेळी विनोद न करता म्हणाला, "तुला झोप लागत नाहीये, ते मला दिसतंय. नको करूस हे."

वजन दोन किलोने उतरलंय. नोंदवहीत "कारण" असा एक रकाना आहे. शेवाळीच्या ओळींत तो कोरा आहे.

२६ एप्रिल

उद्या. बाबांनी बूट स्वतः पुसले. काळे आहेत, म्हणून काळजी नाही, असं तेच म्हणाले.

२८ एप्रिल

काल लिहायचं त्राण नव्हतं.

वाचनालयाच्या वरचं सभागृह, साठेक माणसं. मी नऊलाच जाऊन मासे मांडले. करड्या कापडावर, डावीकडून एक ते वीस, प्रत्येकात चार बोटं अंतर. दोनदा मोजले. मग भाषण झालं, मग दुसरं भाषण, आणि मग दंतवैद्य म्हणाले, "आधी चहा घेऊ."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. साठ संग्राहक आणि टेबलावर उघडे वीस मासे. त्यांनी चहाचे कप डाव्या हातात धरले आणि उजव्या हाताने मासे उचलायला लागले. हा बघ, तो बघ, खिडकीपाशी ने, पोट बघ. मी "कृपया जागच्या जागी ठेवा" असं म्हणत टेबलाच्या या टोकाकडून त्या टोकाला धावत होते. एक गृहस्थ म्हणाले, "ताई, काळजी करू नका, आम्ही जिवापाड जपतो." आणि मासा भलतीकडेच ठेवला.

मला पुन्हा मांडता आलं असतं. पण लोक टेबलाला वेढा घालून होते, आणि दंतवैद्यांनी बाबांना हाताला धरून आणलं सुद्धा.

बाबांनी बोटाने मोजलं. एक, दोन, तीन. तिसरा उचलला. वर धरला. "हा शेवाळी."

लाल होता. भडक लाल.

सभागृह हसलं. प्रेमाने हसलं. रंगारीबुवा थट्टा करताहेत असं त्यांना वाटलं. बाबांनाही हसणं ऐकू आलं, पण कशाला हसताहेत ते कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला मान हलवताही येईना. त्यांनी मासा खाली ठेवला आणि बोट पुढे न्यायला लागले. चार, पाच. आठव्याकडे चालले होते. आठवाही लाल होता, मला दिसत होतं. हसू आणखी एकदा आलं असतं. त्यानंतर आलं नसतं.

मी उठले. कशी उठले ते आठवत नाही. टेबलापाशी बाबांच्या डाव्या हाताला जाऊन उभी राहिले आणि नेहमीच्या आवाजात म्हटलं, "बाबा, तो लाल आहे. हा शेवाळी."

बाबांनी मी दाखवलेला घेतला. अंगठा फिरवला. "माझा."

"हाही शेवाळी."

"माझा."

"तुम्ही का सांगताय त्यांना?" दंतवैद्य म्हणाले. आवाज अजून हसरा होता.

बाबा म्हणाले, "मला दिसत नाही म्हणून. लाल-हिरवं मला कधीच दिसलं नाही." मग माझ्याकडे: "पुढचा दे."

मी तिसरा शेवाळी दिला. बाबांनी त्यावर दोनदा अंगठा फिरवला. "हा माझा नाही. चांगला केलाय, पण ब्रश उचलताना घाबरलाय." चौथा त्यांचा निघाला. झालं.

मागून एकाने विचारलं, जरा चढ्या आवाजात, "मग हा शेवाळी रंग ठरवला कुणी? गढूळ पाण्यासाठी होता ना?"

"कुणी नाही ठरवला," बाबा म्हणाले. "माझ्या वाट्या माझी बायको लावायची. ती बाळंतपणाला घरी होती."

कुणी हसलं नाही. विचारणाऱ्याने आपला मासा रुमालात गुंडाळला, खिशात ठेवला आणि जिन्याने उतरून गेला. आणखी दोघे गेले. बाकीचे बसून राहिले. शाल द्यायची की नाही हे दंतवैद्यांना कळेना. शेवटी त्यांनी ती बाबांच्या मांडीवर ठेवली.

२९ एप्रिल

दंतवैद्यांना भेटून क्रमाचंही सांगितलं. त्यांनी विचारलं नव्हतं. चहामुळे मोडला नसता तर मी तो लबाडीचा निकाल तसाच चालवला असता, हेही सांगितलं.

त्यांनी चष्मा काढून पुसला. "तुमची नोंदवही मग आणखी दोघांकडून तपासून घ्यावी लागेल," म्हणाले.

"घ्या."

"सगळी. पहिल्यापासून."

मला वाटलं होतं वाईट वाटेल. वाटलंच. पण त्या दोघांनी प्रत्येक पत्रा उघडावा, असंही मनापासून वाटतंय. माझ्याकडे अकरा ठिकाणी "बहुधा" आहे.

चुलतभावाचा फोन आला. "काकांना लोकांसमोर उघडं पाडलंस," म्हणाला. आपण त्यांच्यासाठी उठलो की ते हसू आपल्यालाच सहन होईना म्हणून, हे मला अजून ठरवता येत नाही.

४ मे

वही उद्या द्यायची आहे. आज शेवाळीच्या ओळी पुऱ्या करायला बसले. रंग, ठसा, पत्र्याखालची स्थिती, सगळं आधीच लिहिलेलं. राहिला होता "कारण" हा रकाना.

मी लिहिलं: "सप्टेंबर ते मार्च या काळात रंगाच्या वाट्या क्रमाने लावणारी व्यक्ती कामावर नव्हती." वाचून बघितलं. बरोबर होतं. मोजमाप केल्यासारखं बरोबर.

बाबा खुर्ची ओढून शेजारी बसले. "वाच."

वाचलं.

"व्यक्ती?" ते म्हणाले. "व्यक्ती म्हणजे कोण? ती नीटनेटकी बाईही व्यक्तीच होती. नाव लिही."

"बाबा, कारखान्याच्या कागदांवर आई डोळे बसवणारी होती. हे दोघे तपासणारे विचारतील, पुरावा काय."

"पुरावा काय म्हणजे? एकशे बारा मासे आहेत टेबलावर. पाच हिरवे आहेत. माझ्या हातचे बाकीचे लाल कुणी केले?"

इतके दिवस भिंग घेऊन मी त्या पाचांनाच बघत होते.

व्यक्ती खोडलं आणि आईचं नाव लिहिलं, माहेरचं आणि सासरचं, दोन्ही. मग वही पहिल्या पानापासून उलटली आणि बाबांच्या हातच्या प्रत्येक लाल डोक्याच्या माशापुढे "रंगारी" या रकान्यात बाबांच्या नावाशेजारी तिचं नाव लिहीत गेले. शेवाळीच्या पाच ओळी आणि त्या सात महिन्यांतले लाल सोडून. संध्याकाळपर्यंत हात दुखायला लागला. बाबा उठले नाहीत, प्रत्येक मासा अंगठा फिरवून माझ्यापुढे सरकवत होते, आणि मी रंग सांगत होते.